फर्दापूर : अजिंठ्याचे अरण्य व त्याचे अभ्यागत

फर्दापूर हे महाराष्ट्र राज्याच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यातील एक गाव असून ते अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, छत्रपती संभाजीनगर–जळगाव मार्गावर वसले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते सु. १०५ किमी., तर जळगावपासून सु. ५५ किमी. अंतरावर आहे. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी येथून नैर्ऋत्येस सु. ५ किमी.वर वाघूर नदीच्या दरीत आहेत. ज्या गावावरून लेण्यांना नाव मिळाले ते अजिंठा गाव घाटमाथ्यावर सिल्लोड तालुक्यात आहे. परंतु दरीत शिरण्याची सुलभ वाट फर्दापुरावरूनच जात असल्याने गेल्या दोन शतकांतील बहुतेक अभ्यागतांचा तळ याच गावी पडला. शिकारी, लष्करी अधिकारी, चित्रकार, पुरातत्त्वज्ञ व अखेरीस पर्यटक अशा क्रमाने ते येथे आले. त्यांच्या येण्याने लेणी जगाला माहीत झाली. त्याच काळात दरीतील वाघ नाहीसे झाले आणि भिंतींवरील चित्रांचीही हानी झाली. या दोन्ही घटना सामान्यतः वेगवेगळ्या सांगितल्या जातात. तथापि फर्दापूरच्या इतिहासात त्यांचा संबंध निकटचा आहे.

भूवर्णन व वनश्री : सातमाळा–अजिंठा डोंगररांग ही दख्खनच्या पठाराची उत्तर कड होय. तिच्या दक्षिणेस गोदावरीचे, तर उत्तरेस तापीचे खोरे आहे. दक्षिणेकडून ही रांग फारशी उंच भासत नाही; परंतु उत्तरेकडे ती खानदेशाच्या मैदानात एकदम उतरते व तिच्या कड्यांत खोल घळी पडलेल्या आहेत. अशाच एका घळीतून वाघूर नदी बाहेर पडते. लेण्यांच्या वरच्या अंगास ती सात टप्प्यांनी खाली उतरते; या जागेस सातकुंड म्हणतात. पुढे नदीने घोड्याच्या नालाच्या आकाराचे वळण घेतले असून त्या वळणावरील सु. ७६ मी. उंचीच्या बेसाल्टच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. वाघूर या नावाचा संबंध लोकसमजुतीत वाघाशी जोडला जातो. ही नदी फर्दापूरजवळून उत्तरेस वाहत जाऊन तापीस मिळते.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, धावडा, सालई, अंजन, खैर, मोह, टेंभुर्णी, पळस व बेल हे त्यातील प्रमुख वृक्ष होत. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगर उघडे पडतात व पाणी घळींतील डोहांपुरतेच उरते. पावसाळ्यात मात्र दरी दाट हिरवी होते. उन्हाळ्यात पाण्याच्या आसऱ्याला वन्य प्राणी याच घळींत एकवटत. त्यामुळे शिकारीचा हंगाम आणि लेण्यांपर्यंत पोहोचण्याचा हंगाम हे दोन्ही बहुधा एकच असत.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : उत्तरेकडील उज्जयिनी व नर्मदेचे खोरे आणि दक्षिणेकडील प्रतिष्ठान (पैठण) यांना जोडणारे व्यापारी मार्ग या डोंगररांगेतील घाटांतून जात. बौद्ध भिक्षूंनी विहारांसाठी निवडलेली जागा अशा मार्गांपासून फार दूर नव्हती. तशी ती वर्दळीच्या मधोमधही नव्हती. वर्षावासासाठी एकांत व पाणी आणि भिक्षेसाठी व दानासाठी वाटसरूंचा मार्ग, या दोन्ही गरजा तेथे भागत. लेण्यांची एकूण संख्या ३० असून त्यांतील क्र. ९, १०, १२, १३ व १५-अ ही इ. स. पू. दुसरे शतक ते इ. स. पहिले शतक या काळातील मानली जातात. दुसरा टप्पा पाचव्या शतकातील, वत्सगुल्म शाखेच्या वाकाटकांच्या काळातील आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख सोळाव्या लेण्यात आहे, तर सव्विसावे लेणे बुद्धभद्र या भिक्षूने करविल्याचे तेथील लेखावरून कळते.

या लेण्यांतील चित्रांत अरण्य सर्वत्र आढळते. दहाव्या व सतराव्या लेण्यांत छद्दंत जातकाची कथा रंगविलेली आहे. तीत हत्तींचा राजा आपल्यावर बाण सोडणाऱ्या व्याधाला स्वतःचे सुळे देऊन टाकतो. सतराव्या लेण्यात महाकपी, शरभ व हंस यांच्या कथा आहेत. पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणांची शरीरे एकाच मस्तकास जोडलेली दिसतात. शिकारी व शिकार यांचे नाते हा यांतील अनेक कथांचा विषय असून, मारणाऱ्याच्या मनात करुणा उत्पन्न होणे हे त्यांचे तात्पर्य होय. पुढे ज्यांच्यामुळे ही चित्रे पुन्हा उजेडात आली ते शिकारीसाठी या दरीत उतरलेले लोक होते, हे या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते.

हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता लयास गेली व लेणी कोरण्याचे काम थांबले. सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्यूएनत्संग याने केलेले एका पर्वतीय विहाराचे वर्णन अजिंठ्यास लागू पडते, असे सामान्यतः मानले जाते. सव्विसाव्या लेण्यातील राष्ट्रकूटकालीन लेखानंतर मात्र या स्थानाचे उल्लेख जवळजवळ थांबतात. भिक्षू गेल्यावर दरी झाडोऱ्याने भरली, लेण्यांत वटवाघळांनी वस्ती केली आणि खालच्या लेण्यांत गाळ साचला. या उपेक्षेमुळे चित्रांचे नुकसान झाले हे खरे. परंतु मानवी हस्तक्षेपापासून ती जवळजवळ एक हजार वर्षे दूर राहिली हेही तितकेच खरे आहे. लेणापूर व आसपासच्या वस्त्यांतील लोकांना, विशेषतः दरीत वावरणाऱ्या भिल्लांना, ही लेणी अज्ञात नव्हती. ‘शोध’ हा शब्द वापरताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

मोगल काळात बऱ्हाणपूर–औरंगाबाद हा राजमार्ग या घाटातून जाई. फर्दापूर व अजिंठा येथील सराया त्या काळाच्या निदर्शक आहेत. फर्दापूरची सराई औरंगजेबाच्या काळातील मानली जाते. चढणीच्या आधी जनावरांना विसावा देण्यास पायथ्याचे हे गाव सोयीचे होते. अठराव्या शतकात हा प्रदेश निजामाच्या अंमलाखाली गेला. अजिंठा गावाच्या तटबंदीचे श्रेय पहिल्या निजामास दिले जाते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईनंतर इंग्रजांनी आपले जखमी सैनिक अजिंठा गावी आणून ठेवले होते. दुसरे इंग्रज–मराठे युद्ध व १८१८ मधील पेशवाईची समाप्ती यांनंतर डोंगराच्या उत्तरेकडील खानदेश इंग्रजांकडे गेला. फर्दापूर मात्र निजामाच्या राज्यातच राहिले व अशा रीतीने ते दोन सत्तांच्या सीमेवरील गाव बनले.

शिकारी व सैनिक : २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील २८ व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला असता त्याच्या दृष्टीस लेण्यांची कमान पडली, असे सांगितले जाते. स्थानिक परंपरेनुसार एका गुराख्याच्या मुलाने त्याला वाट दाखविली. स्मिथने दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर आपले नाव, पलटण व तारीख कोरली. लेण्यात त्या वेळी गाळाचा थर असल्यामुळे हा लेख आजच्या जमिनीपासून माणसाच्या उंचीपेक्षा वर दिसतो. आधुनिक काळातील पहिल्या ज्ञात पाहुण्याची पहिली खूण प्राचीन चित्रावरील ओरखड्याच्या रूपात उरावी, ही घटना पुढील इतिहासाची पूर्वसूचनाच ठरली.

यानंतरच्या दशकात येथे येणे धोक्याचे समजले जाई. लेफ्टनंट जेम्स एडवर्ड अलेक्झांडर हा १८२४ मध्ये लेणी पाहण्यास निघाला, तेव्हा वाघ व भिल्ल या दोहोंचे भय त्याला सांगण्यात आले. या दोन भयांचा उल्लेख त्या काळातील लेखनात जोडीने येतो. परंतु त्यांचे स्वरूप भिन्न होते. खानदेशातील अस्थिर राजवटी, दुष्काळ व परंपरागत हक्कांवर आलेली गदा यांमुळे भिल्लांनी डोंगरांचा आश्रय घेतला होता. त्यांना शांत करण्यासाठी इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्ल पलटणीची उभारणी केली व ते काम लेफ्टनंट जेम्स औट्रम याच्याकडे सोपविले. याच सुमारास कन्नड येथे भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाली. कन्नड–चाळीसगाव घाटास पुढे औट्रमचेच नाव मिळाले.

भिल्लांचा विश्वास संपादन करण्यासाठी औट्रमने शिकारीचा मोठा उपयोग केला. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत सु. १९० वाघांच्या शिकारीत त्याचा प्रत्यक्ष सहभाग होता, असे त्याच्या चरित्रविषयक नोंदींवरून दिसते. वाघ हा त्या काळी शेतकऱ्यांच्या गुराढोरांचा शत्रू मानला जाई व त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. त्यामुळे या शिकारीला शौर्याबरोबरच लोकोपकाराची प्रतिष्ठाही लाभली. जंगलातील पाऊलवाटा, पाणवठे व जनावरांच्या सवयी यांचे भिल्लांचे ज्ञान माग काढणारे व हाका घालणारे म्हणून उपयोगात आले. ज्यांचे ते अरण्य होते त्यांच्याच साहाय्याने ते रिकामे होत गेले.

अभ्यासक व चित्रकार : १८२० नंतर लेण्यांविषयीची वृत्ते मुंबई व लंडन येथील विद्वत्सभांपुढे येऊ लागली. १८२८ मध्ये डॉ. जेम्स बर्ड हे लेणी पाहण्यास आले. भिंतीवरील आकृती सोलून काढण्याच्या त्यांच्या प्रयत्नात त्या चुरा होऊन नष्ट झाल्या. वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेण्यांची पाहणी केली आणि १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात चित्रांचे महत्त्व व त्यांची दुरवस्था स्पष्ट केली. परिणामी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची नेमणूक केली.

गिल अजिंठा गावातील बारादरीत राहत असे व तेथून लेण्यांकडे जाई. सु. दोन दशके त्याने तैलरंगात मोठ्या आकाराच्या नकला तयार केल्या. लेणापूरच्या पारू या स्त्रीशी त्याचे असलेले संबंध, तिचा २३ मे १८५६ रोजी झालेला मृत्यू व अजिंठा येथील तिची कबर यांच्या स्मृती परिसरात टिकून आहेत. याच तालुक्यातील पळसखेडे येथील कवी ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांनी अजिंठा (१९८४) या दीर्घ काव्यात ही कथा आणली. गिल हा निष्णात शिकारी म्हणूनही प्रसिद्ध होता व त्याने दीडशेहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते. १८६४ मध्ये लंडन येथे त्याच्या छायाचित्रांचा जो संग्रह फर्ग्युसन यांच्या वर्णनांसह प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच पश्चिम हिंदुस्थानातील वास्तुकला व निसर्गेतिहास हे दोन विषय एकत्र आलेले आहेत. लेण्यांचे स्तंभ व मारलेली जनावरे एकाच कॅमेऱ्याने टिपली गेली. एकाच व्यक्तीने एका हाताने चित्रे वाचविण्याचा यत्न करावा व दुसऱ्या हाताने दरीतील प्राणिजीवन संपवावे, यात त्या काळच्या लोकांना विसंगती दिसली नाही. जंगल अक्षय्य आहे असेच तेव्हा गृहीत धरले जाई.

गिलच्या बहुतेक नकला लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मधील आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये मरण पावला. त्याचे दफन भुसावळ येथे झाले. मुंबईच्या सर जे. जे. कलाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह नव्याने नकला केल्या. त्यांचाही बराच भाग १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्झिंग्टन येथील आगीत नष्ट झाला. उरलेल्या सामग्रीच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६ मध्ये निघाला. जपानी चित्रकार अराई कांपो यांनी १९१७-१८ च्या सुमारास केलेल्या नकला १९२३ च्या कांतो भूकंपात नाहीशा झाल्या. नकला दूरदेशी नेऊन चित्रे सुरक्षित ठेवता येतील, हा विचार याप्रमाणे पुनःपुन्हा फोल ठरला. शिवाय रंग उजळ दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर लावलेले वॉर्निश कालांतराने पिवळे व काळपट पडले आणि त्याने चित्रांचा मूळ वर्ण झाकला गेला. शिलालेखांचा अभ्यास मात्र चित्रांना धक्का न लावता पुढे गेला. डॉ. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस आणि पुढे वा. वि. मिराशी यांच्या वाचनांमुळे लेण्यांचा इतिहास निश्चित होऊ शकला.

फर्दापूरचा मुक्काम : विसाव्या शतकाच्या आरंभी फर्दापूर हे लेण्यांच्या अभ्यागतांचे मुख्य ठाणे बनले. प्रवासी आगगाडीने जळगावास उतरत व तेथून टांग्याने अगर बैलगाडीने येत. १९१९ मध्ये पाचोरा–जामनेर हा अरुंद मापी लोहमार्ग सुरू झाल्यावर पहूर हे अधिक जवळचे स्थानक उपलब्ध झाले. (या मार्गावरील गाड्या २०२० मध्ये बंद झाल्या.) १९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिश्चियाना हेरिंगहॅम यांनी नकलांचे काम हाती घेतले, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व के. वेंकटप्पा हे तरुण भारतीय चित्रकार त्यांच्या समवेत होते. त्यांचा तळ फर्दापूर येथे होता व तेथून ते रोज दरीत जात. हैदराबाद संस्थानातील सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन यांनीही या कामात भाग घेतला. या मुक्कामाचा बंगाल कलासंप्रदायावर दूरगामी परिणाम झाला. युरोपीय अभ्यासकांच्या दृष्टीने जी प्राचीन वस्तू होती, ती या चित्रकारांना स्वतःची परंपरा म्हणून गवसली.

निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व विभाग स्थापन केला. त्याचे संचालक गुलाम यजदानी यांनी लेण्यांची साफसफाई, दुरुस्ती व रस्त्यांची कामे करविली. लोरेन्झो चेक्कोनी व त्याचा सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना १९२० ते १९२२ या काळात चित्रांच्या संवर्धनासाठी बोलाविण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी खडकास पुन्हा चिकटविला. मात्र त्यांनी वापरलेल्या लाखेच्या लेपाचा थरही पुढे काळवंडला. यजदानी यांचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. दरीपर्यंत मोटाररस्ता आल्यावर फर्दापूरहून लेण्यांपर्यंतचा प्रवास काही मिनिटांचा झाला. पूर्वी अभ्यासकाला आठवडे व महिने मुक्काम करावा लागे. आता पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागला.

याच काळात डोंगरांतील वाघ झपाट्याने कमी झाले. शिकारीखेरीज इतरही कारणे त्यामागे होती. खानदेश व मराठवाडा यांतील कापसाच्या लागवडीचा विस्तार, इंधन व इमारती लाकडासाठी झालेली तोड, चराईचा वाढता भार व हरीण-सांबरांसारख्या भक्ष्य प्राण्यांची घट ही त्यांतील प्रमुख होत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अजिंठ्याच्या रांगेतून वाघ स्थायिक प्राणी म्हणून नाहीसा झाला. बिबट्या, तरस, कोल्हा, रानडुक्कर, नीलगाय, भेकर, वानर व मोर हे प्राणी-पक्षी मात्र टिकून राहिले. लेण्यांच्या कड्यावरील आग्या मोहोळे आजही असून बेसावध पर्यटकांवर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या घटना अधूनमधून घडतात.

संरक्षणाचे प्रयत्न : सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व पुढे लेण्यांची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८३ मध्ये यूनेस्कोने अजिंठा लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वन्य प्राण्यांच्या बाबतीत १९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम हा निर्णायक टप्पा ठरला. त्याने वाघाच्या शिकारीस कायद्याने पूर्ण बंदी आली. १९८६ मध्ये याच डोंगररांगेच्या पश्चिम भागात, कन्नड व चाळीसगाव तालुक्यांत, गौताळा औट्रम घाट अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र सु. २६० चौ. किमी. आहे. ज्या अधिकाऱ्याच्या नावावर वाघांच्या शिकारीचा मोठा आकडा आहे, त्याच्याच नावाचा घाट वन्य जीवांच्या अभयारण्याच्या नावात समाविष्ट व्हावा, हा इतिहासातील एक योगायोग होय.

लेण्यांच्या बाबतीत धोक्याचे स्वरूप आता बदलले होते. येथील चित्रे खडकावर लावलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. त्या मातीत भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, हिरवी माती व बाहेरून आणलेला निळा राजावर्त ही रंगद्रव्ये वापरलेली आहेत. असा गिलावा ओलाव्यास संवेदनक्षम असतो. बंद लेण्यात अनेक माणसे एका वेळी शिरली की त्यांच्या श्वासाने हवेतील आर्द्रता, उष्णता व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण वाढते. गिलावा फुगतो व आकसतो आणि त्याची पकड सैल होते. म्हणजे कोणी काही न ओरखडता, केवळ पाहण्यासाठी आत उभा राहिला, तरी चित्रावर परिणाम होतोच. यास्तव प्रमुख चित्रित लेण्यांत एका वेळी जाणाऱ्यांची संख्या मर्यादित करण्यात आली, चमकदिव्याने छायाचित्रे घेण्यास मनाई झाली व सौम्य प्रकाशयोजना करण्यात आली.

जपानच्या अर्थसाहाय्याने १९९० नंतर राबविलेल्या अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पात फर्दापूरला नवे स्थान मिळाले. लेण्यांच्या पायथ्याशी असलेली दुकाने व वाहनतळ तेथून हलवून सु. ४ किमी. दूर, फर्दापूर तिठ्यावर नेण्यात आले. खाजगी वाहने तेथेच थांबवून पुढे कमी प्रदूषण करणाऱ्या बसगाड्यांनी पर्यटकांना नेण्याची व्यवस्था सुरू झाली. दरीतील उघड्या पडलेल्या उतारांवर वृक्षलागवड करण्यात आली. तिठ्यानजीक उभारलेले अभ्यागत केंद्र २०१३ मध्ये खुले झाले. त्यात क्र. १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. मूळ लेण्यांवरील भार हलका व्हावा हा त्यांचा हेतू. तथापि काही वर्षांतच केंद्र बंद पडले. दुकाने हलविल्यामुळे स्थानिक विक्रेत्यांच्या उपजीविकेचा प्रश्नही निर्माण झाला. फर्दापूर, लेणापूर व परिसरातील अनेक कुटुंबे पर्यटनावर, तर डोंगरातील तडवी, भिल्ल व बंजारा वस्त्या शेतीबरोबर वनावर अवलंबून आहेत. दरीचे रक्षण करताना त्यांच्या चरितार्थाची सोय लावणे हे कामाचे अपरिहार्य अंग होय.

परिसरातील अन्य स्थळे : सोयगावनजीक वेताळवाडीचा किल्ला व रुद्रेश्वर लेणे आहे. जंजाळा किल्ल्याजवळील घटोत्कच लेण्यांत अजिंठ्याप्रमाणेच वराहदेवाचा शिलालेख आढळतो. अजिंठा गावात तटबंदी, सराई, बारादरी व पारूची कबर ही स्थळे पाहण्यासारखी आहेत. गौताळा अभयारण्याच्या परिसरात अंतूरचा किल्ला आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकापासूनची पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर कण्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. चाळीसगावच्या बाजूस पाटणादेवी असून पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. या सर्व स्थळांवरून असे दिसते, की ही डोंगररांग केवळ ओसाड सीमा नव्हती. घाट, पाणी व एकांत यांच्या आधाराने तेथे विहार, किल्ले व विद्यास्थाने उभी राहिली. ती ओस पडल्यावर रानाने त्यांना झाकून घेतले.

गौताळा अभयारण्यास भेट देण्यासाठी कन्नड हे सोयीचे ठिकाण आहे. पावसाळ्यात व त्यानंतरच्या हिवाळ्यात वन व धबधबे प्रेक्षणीय असतात, तर वन्य प्राणी पाणवठ्यांवर उन्हाळ्यात अधिक दिसतात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. फर्दापूर येथे मुक्कामाची सोय असून सकाळच्या पहिल्या बसने दरीत गेल्यास गर्दी टळते.

अलीकडील काळ : वाघाच्या बाबतीत अलीकडे काही उल्लेखनीय घटना घडल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण नर वाघ विदर्भ व तेलंगणातील शेते, ओढे व रस्ते ओलांडीत सु. १,३०० किमी.ची भटकंती करून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्ञानगंगेचे वन अजिंठा रांगेच्याच पूर्व टोकास आहे. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरहूनच आलेला दुसरा एक वाघ गौताळा अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. या भागात कित्येक दशकांनी वाघाची निश्चित नोंद झाली. पूर्वेकडील ज्ञानगंगा व पश्चिमेकडील गौताळा यांना जोडणारा वनाचा पट्टा म्हणजे फर्दापूर–सोयगावचे डोंगर होत. रुंदीकरण झालेले रस्ते, वाढती वस्ती व विखुरलेली वने यांमुळे हा पट्टा ठिकठिकाणी तुटक झाला आहे. एकट्या नराच्या येण्याने वाघांची वस्ती पुन्हा स्थापन होत नाही. त्यासाठी मादी, पुरेसे भक्ष्य व निर्वेध वाट यांची आवश्यकता असते.

दोन शतकांपूर्वी फर्दापूरला येणाऱ्यापुढे दरीत कसे पोहोचावे हा प्रश्न होता. वाट सुलभ करणे हे त्याचे उत्तर मानले गेले व ते काम यशस्वीही झाले. त्या यशानंतर उरलेला प्रश्न किती जणांनी, कोणत्या रीतीने व कोठपर्यंत जावे हा आहे. चित्रांचा गिलावा व रानातील पायवाट या दोहोंचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. एके काळी चढणीपूर्वी प्रवाशांना विसावा देणाऱ्या फर्दापूरला आता त्यांना थोपवून धरणारे द्वार म्हणून महत्त्व प्राप्त झाले आहे.